किती पडले हो?

काय म्हणता? मुलगी पाचवीत गेली आणि अजून एकही परीक्षा दिली नाही तिने? शाळेची दिली असेल हो, ती काय कुणीही देतं. आम्ही खऱ्या परीक्षांबद्दल विचारतोय. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलात? नवोदयचा? गणित प्रावीण्य? बरं, एखादं ऑलिंपियाड तरी? राष्ट्रभाषा हिंदीची निदान पहिली पायरी? तीही नाही? मग शाळा सुटल्यावर ती करते तरी काय? खेळते?

अरे देवा! एवढ्या चांगल्या घरातली माणसं तुम्ही.

पूर्वी लग्नघरात, एसटीच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर माणसं एकमेकांना पाऊसपाणी विचारायची. आता एकच विचारणा उरली आहे: किती पडले? कुणाला आणि कशात, हे स्पष्ट करायची गरज नाही. ज्या घरात सहा ते सोळा वयाचं मूल आहे, त्या घरात एखादा ताजा आकडा असतोच. आणि आपण? आपण मान हलवून म्हणतो, 'काय चाललंय हे, कोवळी पोरं बिचारी...' वाक्य अर्धवट सोडतो, इकडेतिकडे बघतो आणि हळूच पुढे सरकून विचारतो, 'पण तरी, किती पडले?'

या वेडाचा महाराष्ट्रातला मूळपुरुष म्हणजे आपली शिष्यवृत्ती परीक्षा. घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. दोन पेपर, प्रत्येकी पंचाहत्तर प्रश्न, दीडशे गुण, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. आपल्याला चहात साखर किती हे ठरवायला याहून जास्त वेळ लागतो. पण दहा वर्षांच्या पोराने तेवढ्यात प्रश्न वाचायचा, चार पर्याय चाखायचे आणि गोल काळा करायचा. गोलाबाहेर शाई गेली तर यंत्र रुसतं, म्हणून गोल रंगवण्याचा सराव वेगळा. त्याचेही कोरे कागद मिळतात. ते घरोघरी गठ्ठ्याने आणले जातात आणि आपण 'बाई, बाई, बाई!' म्हणत त्यातले चार आपल्याही पोरासाठी मागून घेतो.

आणि ती बुद्धिमत्ता चाचणी! काय एकेक प्रश्न असतात! आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, ठोकळ्याच्या मागच्या बाजूला कुठली खूण, १५ ऑगस्ट मंगळवारी असेल तर प्रजासत्ताक दिन कुठल्या वारी. त्यात ती नात्यांची कोडी. एका बाईकडे बोट दाखवून मोहन म्हणतो, हिच्या आईचा एकुलता एक मुलगा हे माझे वडील. अरे मोहन, सरळ 'आत्या' म्हण की! असं बोलणारा माणूस खऱ्या आयुष्यात भेटला तर आपण त्याच्यापासून चार हात लांब राहू. सख्ख्या आत्याकडे बोट दाखवतो, वर कोडं घालतो! पण या कोड्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना जी तरतरी आणली आहे, ती च्यवनप्राशला जमली नाही. नातवाचा सराव संच नातवाआधी आजोबा सोडवतात. पोराला सगळ्या पंचाहत्तर प्रश्नांत एक सापडत नसतो आणि आजोबा 'मी बसलो असतो तर केंद्रात पहिला आलो असतो' असं आजीला ऐकवत असतात. आजी म्हणते, 'तुमच्या वेळी सातवीला होती की हो, बसायचं होतंत.'

हो, सातवीलाच होती. चौथी आणि सातवी, अशी वर्षानुवर्षं चाललेली परीक्षा. मग २०१६-१७ पासून सरकारने ती उचलून पाचवी आणि आठवीत नेऊन ठेवली. क्लासवाल्यांनी पाट्या बदलल्या, प्रकाशकांनी मुखपृष्ठं बदलली, पालकांनी एक वर्ष जास्त काळजी करायची सवय लावून घेतली. सगळं रुळावर आलं म्हणेपर्यंत २०२५ मध्ये ठरलं की ती परत चौथी-सातवीलाच बरी. आणि बदल करताना कुणावर अन्याय नको, म्हणून २०२५-२६ या वर्षात चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही वर्गांना संधी! ज्या घरात चौथीतलं आणि पाचवीतलं अशी दोन भावंडं, त्या घराची कल्पना करा. नको, करू नका. तिथे टीव्हीवर चादर पडली असणार आणि पाहुण्यांना 'फेब्रुवारी-एप्रिलनंतर या' असा निरोप गेला असणार.

बरं, मिळतं काय? चौथी-पाचवीच्या गुणवंताला वर्षाला ५,००० रुपये, सातवी-आठवीच्याला ७,५००. गरिबाघरच्या हुशार पोराला त्याचा खरोखर आधार होतो, त्यासाठीच तर ती काढली. पण आपल्या सोसायटीतल्या हिशेबाची वही उघडा कुणीतरी. स्कॉलरशिपचा क्लास, दिवाळीतली खास बॅच, रविवारची सराव चाचणी, तीन प्रकाशनांचे तीन संच, निकालाच्या दिवशी दोन किलो पेढे आणि चौकात फ्लेक्स. पाच हजारांच्या मागे पंचवीस हजार घालून आपण वर म्हणायचं, 'पैशाचं काही नाही हो, मुलाला सवय होते.' कसली सवय? पुढच्या परीक्षेची.

कारण पुढची उभीच असते. सहावीत गेलं की मुंबईची होमी भाभा बालवैज्ञानिक. ही जरा तालेवार. आधी लेखी, मग प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक, आणि त्यातूनही जे पोर तरेल त्याने कृती-संशोधन करायचं आणि मुलाखत द्यायची. सहावीतलं पोर आणि संशोधन! ओढ्यातलं पाणी, कचऱ्याचं खत, परसातल्या किड्यांच्या नोंदी, आलेख, निष्कर्ष, आभार. हे सगळं कोण करतं, ते आपण विचारत नाही. बाबांनी हापिसातून चार दिवस रजा टाकली होती आणि आईला आता गांडुळांच्या जाती तोंडपाठ आहेत, एवढंच आपल्या कानावर आलेलं असतं. सुवर्णपदक मिळालं तर बाबांच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्यांच्या स्वतःच्या पदवीदान समारंभाच्या फोटोतही दिसत नाही. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती, नववीत पुन्हा होमी भाभा, मध्ये चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. चित्रकला का? पोराला रंग आवडतात म्हणून? काहीतरीच काय! इंटरमिजिएटला अ श्रेणी आली की दहावीत वरचे गुण मिळतात म्हणून. महाराष्ट्रात वारली आणि स्थिरचित्र यांचा जेवढा प्रसार गुणांनी केला, तेवढा कलाप्रेमाने केला असता का?

तुम्ही म्हणाल, हा पालकांचा चळ आहे, सरकार शहाणं आहे. ऐका तर मग. २०१० मध्ये सरकारलाही वाटलं की हा गुणांचा नाद पुरे. शिक्षण हक्क कायदा आला, आठवीपर्यंत नापास बंद, आणि महाराष्ट्राने आणलं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. नाव घेतानाच दम लागतो. कल्पना मात्र सोन्यासारखी होती: वर्षाकाठी एकदा मुलाला कोंडीत पकडण्यापेक्षा रोज त्याच्याकडे बघा, ते काय करतं, काय विचारतं, कुठे अडतं, ते लिहून ठेवा. आकारिक आणि संकलित असे दोन भाग. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय. प्रगतिपुस्तकात गुणांऐवजी अ-१, अ-२ अशा श्रेणी, आणि वर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक.

आता वर्गात पन्नास पोरं, आठ विषय, दोन सत्रं. बाईंनी शिकवायचं कधी आणि लिहायचं कधी? पण महाराष्ट्रातला शिक्षक हा जुगाडात कुणाला हार जाणारा नाही. वर्षभरात बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. मग एक्सेलच्या फायली आल्या. श्रेणी टाका, बटण दाबा, नोंद हजर. 'परिपाठात उत्साहाने सहभाग घेतो.' 'अक्षर सुवाच्य काढते.' 'गटात मिळून मिसळून काम करतो.' गडचिरोलीचा गण्या आणि सिंधुदुर्गातली स्मिता, दोघांचीही निसर्गनिरीक्षणाची आवड शब्दाशब्दाने सारखी! आणि पालक काय करत होते? ते 'अ-१ म्हणजे नक्की किती टक्के?' असं बाईंना बाजूला घेऊन विचारत होते. एक्याण्णव ते शंभर, असं कळल्यावर 'म्हणजे एक्याण्णव की शंभर?' असं विचारत होते. बाई कंटाळून आकडा सांगून टाकायच्या. जीव भांड्यात पडायचा.

मग २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आला आणि त्यामागून पायाभूत चाचणी. २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचणी, जिला सगळे प्रेमाने पॅट म्हणतात. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. मुलांना भाषा, गणित, इंग्रजी कितपत येतं ते कळावं आणि जे मागे पडले त्यांच्याकडे लक्ष द्यावं, इतका साधा हेतू. या पेपरच्या गुणांवर कुठे प्रवेश नाही, नोकरी नाही, बक्षीस नाही. तरीही या प्रश्नपत्रिका परीक्षेआधी यूट्यूबवर झळकल्याच्या बातम्या आल्या! थांबा जरा, याचा आस्वाद घेऊ या. डॉक्टरकी-इंजिनिअरिंगचा पेपर फुटतो, त्यात लाखोंचा व्यवहार असतो, हे आपल्याला कळतं. पण चौथीच्या मराठीचा, फक्त निदान करण्यासाठी घेतलेला पेपर फोडण्यात कुणाचं काय भलं? आणि तो बघायला गेलं कोण? चौथीतली पोरं स्वतःहून मोबाइलवर पेपर शोधतील होय? त्यांना मोबाइल मिळाला तर ती कार्टून बघतील. तेव्हा व्हिडिओला 'लाइक' ठोकणारे अंगठे कुणाचे होते, यावर आपण काही बोललो नाही तर बरं.

२०२५ च्या उन्हाळ्यात तर बहार आली. पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने, थेट २५ एप्रिलपर्यंत. विदर्भात पारा चाळिशीच्या वर, गावच्या गाड्यांची आरक्षणं महिन्यांपूर्वी झालेली, आंबे पाडाला आलेले आणि दुसरीतलं पोर बेरजा करतंय! संताप झाला, निवेदनं दिली गेली, 'मुलांचा छळ' असे मथळे आले. सगळ्यात तावातावाने कोण बोलत होतं? तेच, ज्यांनी त्याच पोराचं नाव मे महिन्याच्या अबॅकस शिबिरात आधीच घालून ठेवलं होतं.

शाळा मुलांना मोजतात, तसे शाळांना मोजणारेही आहेत, आणि ते आले की खरी गंमत. प्रथम या संस्थेची असर पाहणी २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देते. देशातल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना तो धड वाचता येत नाही, हे दर वेळी कळतं, दर वेळी आपण 'छे, छे' करतो, आणि दुसऱ्या दिवशी सराव चाचणीचे पैसे भरतो. उतारा वाचता येत नाही तर वाचायला शिकवा, हे उत्तर चार पर्यायांत नसतंच. आणि केंद्राचं सर्वेक्षण? नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं, मग ४ डिसेंबर २०२४ ला 'परख' नावाने झालं. काही निवडक शाळांतली मुलं घ्यायची आणि सहज बघायचं, लेकरांना काय येतं. सहज! पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा पलंगाखाली ढकलावा, तशी शाळाशाळांत सर्वेक्षणाच्या आधी सराव प्रश्नपत्रिकांची झोड उठली. जे सहज येतं ते बघायला येणाऱ्यांसाठी कसून तयारी! आपली खरी उंची मोजायला कुणी आलं की टाचा उंचावणारा देश आहे हा.

एकदा तर आपण साऱ्या जगापुढे उभे राहिलो होतो. पिसा नावाची आंतरराष्ट्रीय परीक्षा, पंधरा वर्षांच्या मुलांची. २००९ च्या फेरीसाठी भारतातून तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले, आणि चौऱ्याहत्तर जणांत बहात्तरावे आणि त्र्याहत्तरावे आले. खाली फक्त किर्गिझस्तान. मग? मग आपण म्हटलं, प्रश्न आपल्या मातीतले नव्हते. म्हणजे काय, तर पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता! नापास झालेल्या प्रत्येक पोराने घरी येऊन सांगितलेलं कारण देशाने जगाला सांगितलं. पण पोरं निदान पुढच्या वर्षी पुन्हा बसतात. आपण तेव्हापासून त्या हॉलच्या दिशेला फिरकलेलो नाही.

नाहीतरी घरात दहावी असताना बाहेरच्या परीक्षा हव्यात कशाला? शंभर टक्के हे फळ पूर्वी कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. पंच्याहत्तर टक्क्यांवाल्याची मिरवणूक निघायची, ८५ वाल्याचा फोटो पेपरात यायचा. २०१० मध्ये बेस्ट फाइव्ह, म्हणजे सगळ्यात जास्त गुणांचे पाच विषयच धरायचं सूत्र आलं, कोर्टात गेलं, सर्वोच्च न्यायालयातून तगून परत आलं. त्यात खेळाचे, कलेचे वाढीव गुण. आणि झाडाला शंभर लागायला लागले! २०१८ मध्ये १२५ जणांना शंभर टक्के. मग २०१९ मध्ये मंडळाला उपरती झाली आणि भाषांचे शाळेच्या हातातले वीस गुण बंद केले. निकाल ८९ वरून थेट ७७.१० टक्क्यांवर आला, शंभरवाले उरले अवघे वीस. काय गहजब झाला! आमच्या मुलांच्या भवितव्याचं काय? दुसऱ्या राज्यांचे, दुसऱ्या मंडळांचे गुण बघा! पुढच्या वर्षी वीस गुण परत आले, निकाल ९५.३० टक्के, शंभरवाले २४२. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं एवढी हुशार कशी झाली, असं विचारण्याचा आगाऊपणा कुणीही केला नाही. पेढे खाताना असले प्रश्न विचारायचे नसतात. आणि २०२१? करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तर निकाल ९९.९५ टक्के! परीक्षा न घेता परीक्षेचा असा निकाल लावणारं आपलं राज्य, आणि उरलेला शून्य पूर्णांक शून्य पाच टक्का कोण असेल या चिंतेने आपण आजही हळहळतो.

२०२५ मध्ये २११ जण शंभरवर होते आणि त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या लातूर विभागातले. लातूरबद्दल वावगं बोलायचं काम नाही. गुणवत्ता यादीच्या काळापासून त्यांनी चाचणी, चाचणी आणि पुन्हा चाचणी या मंत्राने मुंबई-पुण्याची मिरास मोडली, आणि मुंबई-पुण्याने आधी नाकं मुरडली, मग त्याचीच नक्कल केली. मंडळाने ती यादी बंद केली, कशासाठी, तर स्पर्धा थांबावी म्हणून. स्पर्धा थांबली का? ती फ्लेक्सवर गेली. एकच गुणवंत चेहरा चौकातल्या तीन क्लासांच्या फ्लेक्सवर हसतो. एकाकडे तो गणिताला होता, दुसऱ्याकडे फक्त सराव पेपरला, आणि तिसऱ्याकडे एकदा चौकशी करायला आला होता म्हणे.

ताण येतो हो मुलांना, हे मान्यच आहे सगळ्यांना. पंतप्रधान स्वतः २०१८ पासून परीक्षा पे चर्चा करतात, ताण घेऊ नका म्हणून सांगतात. त्यात भाग घ्यायचा तर आधी ऑनलाइन स्पर्धेत उतरावं लागतं. हसू नका. शाळेच्या ग्रुपवर 'प्रमाणपत्र डाउनलोड करून आजच पाठवा' असा निरोप येतो, आणि ताणमुक्तीचं ते प्रमाणपत्र वेळेत उतरलं नाही की रात्री साडेदहाला आई रडवेली होते.

आपणच वेडे असंही समजू नका बरं का. अमेरिकेत अटलांटा शहरात गुणांवर शाळांची इभ्रत आणि बक्षिसं टांगली, तर काही शिक्षक आणि मुख्याध्यापकच मुलांच्या उत्तरपत्रिकांवर खोडरबर घेऊन बसले. चुकीचे गोल खोडायचे, बरोबर भरायचे. २०१५ मध्ये त्यातले अकरा जण दोषी ठरले, आणि कायदा कुठला लावला? जो तिथे माफिया टोळ्यांसाठी केलाय तो. तिकडच्या बातम्या वाचून आपण समाधानाने उसासा सोडला: आपल्याकडे अजून एवढं झालेलं नाही. एवढ्यासाठीच तर आपण गोल पेन्सिलने नाही, पेनाने भरतो.

सगळ्यात खमंग असतात ते नव्याने बाटलेले. 'आम्ही आमच्या मुलाला रेसमध्ये घालणार नाही' असं ठणकावून प्रयोगशील शाळेत नाव घातलेले. मातीत खेळणं, परीक्षा नाहीत, पुस्तकं शाळेतच. पहिली दोन वर्षं ते आपल्याकडे कीव आल्यासारखं बघतात. तिसरीत हळूच बाईंना म्हणतात, 'सगळं छानच आहे, पण एक छोटीशी चाचणी घेता येईल का? त्यालाच आवडतं हो.' पाचवीत त्यांच्या पोराचा सराव संच आपल्यापेक्षा जाड. आणि 'मुलांना फुलू द्या' या विषयावर सभागृह हलवून सोडणारे वक्ते? रविवारी सकाळी पावणेसातला क्लासच्या दारात पोराची पाण्याची बाटली धरून उभे. आपण त्यांना ओळख दाखवत नाही. तेही आपल्याला दाखवत नाहीत. दोघंही आपापल्या पोराच्या दप्तराकडे बघतो.

आणि परीक्षा संपली म्हणजे संपली असं तुम्हाला वाटतं? खरा हंगाम तर मग सुरू होतो. परिषद अंतरिम उत्तरसूची लावते आणि आक्षेप मागवते. पोर केव्हाच मैदानावर पळालेलं असतं, प्रश्न कुठला होता तेही विसरलेलं असतं, आणि इकडे वडील पाठ्यपुस्तकाची पानं, शब्दकोश आणि मामाचा दाखला जोडून पर्याय दोनही बरोबर कसा, हे परिषदेला पटवत असतात. एका प्रश्नावरून भाऊबंदांत अबोला. साधा प्रश्न बरं का: मुलींच्या रांगेत सुमन डावीकडून सातवी आणि उजवीकडून बारावी आहे, तर रांगेत एकूण मुली किती?

हं, ती बोटं खाली घ्या, दिसली आम्हाला. एकोणीस आलं? सुमनला दोनदा मोजलंत. हरकत नाही, पुढचा सराव पेपर रविवारी सकाळी सातला आहे. येताना काळ्या शाईचं बॉलपेन आणा, आणि पोरालाही आणलंत तरी चालेल.